डाळमिलचे नऊ घुमट

त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते आणि आमच्या गल्लीत घरोघर कुरडयांचा चीक शिजत होता. मायनं अंगणात चूल मांडली होती. ती मोठ्या पातेल्यात लाकडी पळीनं चीक घोटत होती, मी सोऱ्या धुऊन ठेवत होते आणि चिकाचा तो आंबूस, गरम वास नाकात भरला होता. तेवढ्यात दादा, माझे वडील, मिलमधून आले ते हातगाडा ढकलत. गाड्यावर पालथ्या पराती एकावर एक रचाव्यात तसा ढीग होता. पण पराती पितळेच्या असतात. ह्या पाण्याच्या केल्यासारख्या आरपार होत्या. त्यांच्यातून दादांचा सदरा दिसत होता, सदऱ्याची बटणं दिसत होती आणि सगळं थोडं फुगून, वाकडं होऊन दिसत होतं. ऊन पडलं की त्या ढिगाकडं बघवत नव्हतं. मी सोऱ्या तिथंच टाकला आणि पळत सुटले.

“हे काय आणलाव आणखी?” माय चुलीपासूनच ओरडली. तिला उठता येत नव्हतं. घोटायचं थांबलं की चिकात गाठी होतात.

“मिलच्या छपरावरचे घुमट हायेत,” दादा म्हणाले. “उजेडासाठी बसवले होते बघ, ते. मालक सगळीकडं नवे सिमिटाचे पत्रे टाकायलेत. हे मागं उकिरड्यावर टाकून द्यायले होते. म्हणलं, मी नेऊ का? म्हणले, ने.”

“आन् काचा आणून घरात ठिवा. कुणाचा तरी पाय कापू द्या.”

“काच न्हाई ही, अक्रेलिक हाय.” दादांनी वरच्या घुमटावर बोटांनी टकटक केलं. काचेसारखा खणखणीत नव्हे, रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. “पडलं तरी चुरा व्हत न्हाई.”

“मग करायचं काय ह्याचं?”

“ते कुणाला ठाव? आधी आणलं. आता बघू,” दादा म्हणाले आणि हसले.

दादा असेच होते. कुठलीही वस्तू टाकून दिलेली बघितली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. मी त्यांचीच लेक. ते नऊ घुमट मी एकेक करून उतरवले, भिंतीला टेकवले, ओल्या फडक्यानं पुसले. प्रत्येकाला चारी बाजूंनी चार बोटं रुंद सपाट काठ होता आणि मधला भाग फुगलेला. काठावर स्क्रूची जुनी भोकं होती, त्यातली बरीच तडकलेली. वर्षानुवर्षांची डाळीची पिवळी धूळ त्यांच्या काठांवर साय धरावी तशी बसली होती. ती निघाली तसे ते असे चमकायला लागले की गल्लीतल्या बायका आपापला चीक कुणाच्या तरी हवाली करून बघायला आल्या.

आमची गल्ली म्हणजे लातुरात डाळमिलच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली खोल्यांची एक रांग. प्रत्येकाला दोन खोल्या: पुढची आणि आतली. डाव्या-उजव्या भिंती शेजाऱ्यांच्या, मागची भिंत मिलची, वर पत्रे. खिडकी कुणालाच नव्हती. पुढच्या खोलीत दारातून येईल तेवढा उजेड, आतल्या खोलीत तेवढाही नाही, आणि लाइट जायला काळवेळ नसायची. मिल चालू असली की भिंतीला हात लावला तरी ती थरथरताना कळायची. तुरीचा भुसा हवेत उडायचा आणि वाळत घातलेल्या प्रत्येक गोष्टीवर बसायचा. आमच्या गल्लीतल्या कुरडया तळल्या की दाताखाली थोडी कचकच यायचीच. आम्हाला ती चवच वाटायची. पुढं शिकायला नांदेडला आल्यावर पहिल्यांदा स्वच्छ कुरडई खाल्ली तेव्हा काहीतरी घालायचं राहिलं असं मला वाटलं होतं.

म्हणून मी पहिला घुमट कुरडयांवरच ठेवला. मायला न विचारता. बाजेवर धोतर अंथरून तिनं कुरडया घातल्या होत्या, त्यातल्या दोन ओळींवर मी घुमट पालथा घातला आणि बाजूला बसून बघत राहिले. अर्ध्या तासात आतून घाम सुटला. थेंब लोंबले, कुरडयांवर टपकले आणि संध्याकाळी त्या दोन ओळींचा लगदा झाला. मायनं मला काय काय म्हणून घेतलं ते इथं लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी चारी कोपऱ्यांखाली एकेक वीट ठेवली. वाटलं, आतली गरम हवा बाहेर निघायला वाट हवी. आणि खरंच! खालून वारं शिरत होतं, वरून ऊन तापवत होतं, आणि भुशाचा कण म्हणून आत येत नव्हता. दुपार कलायच्या आत मायनं एक कुरडई उचलून मोडली, तर काडकन तुटली. दुधासारखी पांढरी. तिनं ती उन्हाकडं धरून बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “दुसरा बी आण.”

ते आठ-दहा दिवस मी जमिनीवर नव्हतेच. डोक्यात सारखं तेच. एका घुमटाखाली मिरचीचं बी टाकलं, त्यावर दुपारी गोणपाट घालायचं लक्षात राहिलं तेव्हा रोपं वर आली, विसरले तेव्हा उकडून गेली. एक पावसापाण्यात लाकडं झाकायला ठेवला. एक उलटा करून त्यात मायची भांडी विसळून बघितली. लोक आता मोबाईलवर अशा घुमटांत काचेच्या बागा करताना दिसतात, शेवाळ काय, गारगोट्या काय. माझी भाची ते व्हिडिओ मला पाठवते आणि विचारते, आत्या, तुझ्या वेळी हे होतं का? होतं बाई. फक्त आमच्या बागेत लवंगी मिरची होती.

मग मी तो उद्योग केला. चिमण्यांना पाणी ठेवावं म्हणून एक घुमट उलटा करून मिलमधल्या जुन्या, कमरेएवढ्या उंच लोखंडी घडवंचीवर बसवला आणि पाण्यानं भरला. घडवंचीच्या खाली तुराट्यांची मोळी होती, सरपणाची. दुपारी सूर्य डोक्यावर आला. गल्ली जेवून आडवी झाली होती. मी पुढच्या खोलीत पालथी पडून होते, तर नाकाला वास लागला. आधी वाटलं, कुणीतरी चूल पेटवली. मग धूर दिसला. तुराट्यांच्या मोळीवर रुपयाएवढा एक पांढरा, जळजळीत ठिपका पडला होता आणि तिथून ज्वाळ उठत होती! पाण्यानं भरलेल्या त्या घुमटाचं भिंग झालं होतं. मी किंचाळले. माय आतून धावत आली, तिला भिंग वगैरे काही कळायचं कारण नव्हतं. तिनं जे पाणी जवळ दिसलं तेच वापरलं. घडवंचीला लाथ घातली. घुमट पाण्यासकट आगीवर उलटला, सुंईकन आवाज झाला, धूर आणि राख अंगावर उडाली, आणि आग विझली.

“पाण्यानं आग लागली,” मी म्हणाले. मला भीती वाटायला हवी होती, पण छाती धडधडत होती ती वेगळ्याच कारणानं. “माय, पाण्यानं आग लागली गं!”

“हाव, आन् आता तुझ्या पाठीला लागंल,” माय म्हणाली.

दादा संध्याकाळी आले. त्यांना दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं होतं, तिथल्या एका मिलमध्ये नवी मशीन बसवायला, दहा दिवसांसाठी. त्यांनी जळकी मोळी बघितली, घुमट बघितला आणि शांतपणे म्हणाले, “सुजाता, मी येईस्तोवर ह्याला हात लावायचा न्हाई. एकालाबी न्हाई.” दादा चिडून बोलले असते तर मी तो शब्द इतका मनावर घेतला नसता. शांतपणे बोलले म्हणून तो मोडताना मला फार जड गेलं. पण मोडला.

आमच्या शेजारी शिवलिंगअप्पा राहायचे, रांगेतल्या शेवटच्या खोल्यांत. त्या खोल्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. अप्पा दादांचे उस्ताद. दादा मिलमध्ये पहिल्यांदा लागले ते झाडलोट करायला. अप्पांनी त्यांच्या हातात पाना दिला. ते लिंगायत, आम्ही बौद्ध. तेव्हा ह्यावरून मिलमध्ये कुजबुज झाली होती. अप्पा म्हणाले होते, “पान्याला जात म्हाईत न्हाई. तुम्हाला लई म्हाईत असंल तर तुम्ही फिरवा.” हे दादा मला कितीदा तरी सांगायचे. गौराकाकू, त्यांची बायको, उदगीरच्या पलीकडची, बोलताना मधूनच कानडी शब्द टाकायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पट्ट्याच्या बेरिंगला ग्रीस लावताना अप्पा शिडीवरून पडले आणि कमरेखाली त्यांचं शरीर गेलं ते गेलं. सुरुवातीला चार माणसं त्यांना उचलून ओट्यावर आणायची. येणारे-जाणारे थांबून, मान हलवून, हळहळून पुढं जायचे. एक दिवस अप्पा म्हणाले, “बस. आता मला भायेर न्यायचं न्हाई.” तेव्हापासून ते आतल्या खोलीतल्या बाजेवर होते, आणि हळूहळू त्यांनी बोलणंही टाकलं होतं.

दादा गेले त्याच दिवशी मायनं मला काकूकडं कुरडया देऊन पाठवलं. लाइट नव्हती. आतल्या खोलीत इतका अंधार की अप्पा कुठं आहेत ते त्यांच्या कपाळावरच्या विभूतीवरून कळलं. काकूनं कुरडया हातात घेतल्या आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तुला सांगू का सुजे, शेवटचं काय बोलले होते? माघात. भर दुपार होती. म्हणले, ‘गौरा, सकाळ झाली का?’ मी म्हणलं, दोन वाजलेत. त्यावर कायबी बोलले न्हाईत. तवापासून न्हाईच बोलले.”

मी घरी आले आणि भिंतीला टेकवलेल्या घुमटांकडं बघितलं. मला काय करायचं आहे ते त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की मी तिथंच बसून घुमटाचा काठ वितींनी मोजायला लागले. मोठी झाल्यावर मी पुष्कळ कामं केली, पत्र्याची, लोखंडाची, शाळांच्या शेडची, पण काम सुरू व्हायच्या आधीच पुरं झालेलं दिसावं, असं त्यानंतर फार थोड्या वेळा घडलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचं हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं, एक घुमट घेतला आणि काकूच्या पुढच्या खोलीत बसले. काकूला म्हणाले, “छपराला उजेड बसवायचाय.” तिला नीट कळलं नसावं. ती भाकरी थापत होती, “कर बाई, काय करायचं ते,” म्हणाली. जुनी भोकं फाटलेली होती, म्हणून काठावर नवी पाडायची होती. दादा लोखंडाला भोक पाडताना अंगाचा सगळा भार ड्रिलवर टाकायचे, मीही टाकला. दोन-चार वेढे फिरले, पांढरा कीस वर आला आणि मग टच्च! बोटभर लांब तडा काठावरून थेट घुमटाच्या पोटात गेला.  नऊतला एक आगीच्या दिवशी घडवंचीवरून पडून चिरला होता, हा दुसरा गेला.

“दाबू नको.”

आवाज आतून आला. खरखरीत, गंज लागलेला. काकूच्या हाताखालची भाकरी परातीतच राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो.

“दाबू नको म्हणतो ना,” अप्पा पुन्हा म्हणाले. “लोखंड हाय का ते? टोक दगडावर घास. बोथट कर जरा. खाली लाकूड घे. आन् पाणी सोड भोकात, तापू देऊ नको.”

काकू उठली ती पिठाच्या हातांनी. आत गेली, बाजेच्या कडेला बसली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागली, “अय्यो, अय्यो.” अप्पांना तिच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, “पोरगी कोण हाय? भीमरावाची का? ये आत. ती वस्तू घिऊन ये.”

मी दुसरा घुमट आणून त्यांच्या छातीवर टेकवला. अंधारात त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, काठापासून वरच्या फुगीर भागापर्यंत, पुन्हा काठापर्यंत, जसा एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा. “मीच बसवले होते हे,” म्हणाले. “मिलवर. नवे कोरे आले होते. पैला मी बी फोडला होता, तुझ्यावाणीच.”

मी धावत जाऊन मायला सांगितलं. मला वाटलं होतं, ती दादांच्या बोलण्याची आठवण करून देईल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, म्हणाली, “अप्पा बोलले? तोंडानं?” आणि माझ्या आधी काकूच्या दारात पोचली. त्यापुढचे सहा दिवस शिडी मायनंच धरली.

ते सहा दिवस! सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत, आम्ही काम करायचो. अप्पा बाजेवरून सांगायचे, मी वर चढायचे, काकू मधे उभी राहून निरोप पोचवायची आणि निम्मे निरोप कानडीत पोचवायची. आधी लाकडाची चौकट केली, पत्र्यापासून चांगली वीतभर उंच, म्हणजे छपरावरून वाहणारं पाणी तिच्यात शिरणार नाही. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चौकटीवर लावल्या. भोकं पाडताना माय थेंब थेंब पाणी सोडायची आणि मी ड्रिल इतकं हळू फिरवायचे की हाताला गोळे यायचे. एकही भोक तडकलं नाही. घुमट चौकटीवर बसवून बघताना मी स्क्रू घट्ट पिळायला लागले तर खालून आवाज आला, “भोक मोठं, स्क्रू बारीक! उन्हात फुगतं ते, गारव्यात आकसतं. त्याला हलायला जागा ठिव.” न बघता त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, “स्क्रू रडतोय, मला ऐकू येतंय.” काम झालं की काकू आम्हाला ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक द्यायची, त्यांच्याच ताटल्यांत, आणि अप्पा स्वतः मागून घ्यायचे. दुसरी भाकरी मागितली त्या दिवशी काकू चुलीकडं तोंड करून बराच वेळ बसली होती.

सातव्या दिवशी पत्रा कापला. छिन्नीचा पहिला घाव पत्र्यावर बसला तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मी कापत गेले आणि खाली, धुळीत, उजेडाची एक रेघ पडली. मग ती रुंद झाली. चौथी बाजू सुटली, मी तुकडा उचलला आणि ऊन धाडकन आत पडलं. काकूनं पदर अप्पांच्या डोळ्यांवर धरला. “काढ,” ते म्हणाले. “हळूहळू काढ.” मी वरून त्या चौकोनातून खाली वाकून बघत होते. ते आत गेल्यापासून त्यांचा चेहरा मी उजेडात बघितला नव्हता. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. त्यांनी डोळे किलकिले केले, पाणी आलं, पुसलं नाही. आम्ही घुमट चौकटीवर बसवला, कडेनं डांबर भरलं. मी शिडी उतरून आत आले तेव्हा अप्पा वर बोट करून म्हणाले, “घार.” बघितलं तर खरंच होती, उंच, गोल गोल फिरत. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही चौघंही माना वर करून बघत होतो.

दादा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परतले. त्यांना कुणीतरी एस. टी. स्टँडवरच सांगितलं होतं. पिशवीसुद्धा घरात न ठेवता ते तसेच काकूकडं गेले, वर बघितलं आणि माझ्याकडं वळले. “उस्तादाच्या डोक्यावर भोक पाडलंस?” “त्यास्नी उठून सरकता येतं का? वरून काही कोसळलं तर? तुला हात लावू नको म्हणलं होतं ना मी!”

“भीमा, पोरीला बोलू नको,” अप्पा म्हणाले.

दादा थबकले. उस्ताद बोलले, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बाजेजवळ गेले आणि त्यांनी अप्पांचे पाय धरले. पण भीती कुठं गेली नव्हती. माझ्या लक्षात आलं होतं, दादा चिडले नव्हते, घाबरले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “उस्ताद, आभाळ भरून आलंय. आज तेवढा वर पत्रा टाकतो. मग पक्कं बघू.”

आभाळ खरंच भरून आलं होतं. औशाच्या बाजूनं काळंनिळं झालं होतं आणि वारा एकदम पडला होता. वैशाखात असं झालं की आमच्याकडं बायका आधी वाळवणं उचलतात, मग लेकरं. मी कापून काढलेला पत्रा दादांनी घेतला, शिडी लावली, दोन पायऱ्या चढले आणि पहिली गार पडली. शेजारच्या पत्र्यावर, बंदुकीसारखी. मग दुसरी, मग मोजता येईनात. दादांच्या खांद्यावर एक बसली, हातातला पत्रा सुटला, मायनं त्यांना सदऱ्याला धरून आत ओढलं. आम्ही सगळे अप्पांच्या खोलीत. आवळ्याएवढ्या गारा, काही लिंबाएवढ्या. पत्र्यावरचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि त्या सगळ्या तडतडाटात घुमटावर पडणाऱ्या गारांचा वेगळा, जाड आवाज: डब्ब, डब्ब, डब्ब. वर बघितलं की प्रत्येक गार आपल्याच तोंडावर येतेय असं दिसायचं, आपटायची, उडायची, घरंगळून जायची.

“बाज सरकवा!” दादा ओरडले. “सुजे, तिकडून धर!”

“सरकवायची न्हाई,” अप्पा ओरडले. “बघू दे मला!”

मी बाजेचा पाय धरून बसले होते आणि मनात फक्त स्क्रू मोजत होते. सोळा. सोळाही ढिले ठेवले होते ना? तिसऱ्याचं भोक पुरेसं मोठं होतं? घुमट फुटला तर तो फुटणार होता माझ्यामुळं, आणि खाली झोपलेला माणूस हलू शकत नव्हता. इतकी भीती मला पुढं कधीच वाटली नाही, आणि खरं सांगते, इतका आनंदही नाही, कारण अप्पा हसत होते. प्रत्येक मोठ्या गारेला “आली! आली!” म्हणत होते. मग त्यांच्या कपाळावर पाण्याचा एक थेंब पडला. अप्पांनी वर बघितलं, बोट केलं आणि म्हणाले, “डावा कोपरा. तिथं डांबर कमी पडलंय. उद्या भर.”

दादांना हसू फुटलं. मग मायला. मग आम्ही सगळेच हसत होतो, वर गारांचा मारा चालू असताना, काकू तर पदर तोंडात धरून.

गारा थांबल्यावर बाहेर आलो तर गल्ली पांढरीशुभ्र झाली होती. मिलच्या छपरावरच्या नव्या सिमेंटच्या पत्र्यांना जागोजाग भोकं पडली होती. दादा शिडीवर चढले, अप्पांच्या घुमटावरून हात फिरवला, चारी कडा चाचपल्या आणि उतरले. एक मोठी गार उचलून आत नेली आणि उस्तादांच्या तळहातावर ठेवली. अप्पांनी मूठ मिटली आणि पाणी बोटांतून गळू दिलं.

अप्पा त्यानंतर चार वर्षं जगले. ढगांवरून ते गल्लीला हवामान सांगायचे आणि दुपारची वेळ घड्याळापेक्षा बरोबर सांगायचे. मला नांदेडच्या तंत्रनिकेतनात घालावं, हे दादांना पहिल्यांदा तेच म्हणाले. आमच्या घरातल्या पोरीनं पत्रा-लोखंडाचं शिकावं हे दादांच्या मनातही नव्हतं. वाद झाले, मायनं अबोला धरला, तो सगळा वेगळा विषय आहे. पण मला विचाराल तर त्याचा निकाल गारपिटीनंतरच्या सकाळीच लागला होता.

दादा दारात लिंबाच्या काडीनं दात घासत होते. मी आत चहा गाळत होते. चाकूरकडची एक म्हातारी, लेकीकडं पाहुणी आलेली, डोक्यावरचा पदर सावरत दारासमोर उभी राहिली. आमच्या दारात माणसं यायची ती दादांकडंच: कुणाचा पंप, कुणाची चाळणी. दादांनी काडी बाजूला केली आणि विचारलं, “काय काम होतं, माय?”

“छपराला उजेड बसवणारी बाई हितं राहती म्हणं?”

दादांनी तोंड खळखळून धुतलं, उपरण्यानं पुसलं, दारातून पूर्ण बाजूला झाले आणि आत वळून हाक मारली, “सुजाताबाई, तुमच्याकडं माणूस आलंय.”